ईओएफ (फाइलचा शेवट) लागल्यावर फाइल वाढली तरी पुढचं वाचत नाही. जुन्या सर्व्हरवर चालत होतं!

अर्धविराम (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. दोन दिवस डोकं आपटून झालं, आता इथे आले.

सी भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम माझ्या गळ्यात आहे. लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेला. काम एवढंच: एक भलताच प्रोग्रॅम लॉग फाइलमध्ये ओळी टाकत असतो, हा त्या वाचत बसतो आणि ठरावीक शब्द दिसला की मेल पाठवतो. फाइल संपली की एक सेकंद झोपायचं, उठून परत वाचायचं. जुन्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला. मागच्या आठवड्यात नव्या सर्व्हरवर नेला, तिथे परत कंपाइल केला. सोर्समध्ये एका अक्षराचा बदल नाही. सुरू केला की फाइलमधल्या असतील तेवढ्या ओळी झरझर वाचतो आणि मग ढिम्म. फाइल वाढतेय, मला डोळ्यांनी दिसतेय, याला दिसत नाही. मारून परत सुरू केला की नव्या ओळींसकट पहिल्यापासून सगळं वाचतो, की परत ढिम्म.

गाभा असा आहे (कोड देवनागरीतच टंकतेय, उच्चाराप्रमाणे वाचा; एफगेट्स फाइलमधून एक ओळ वाचतं, काही मिळालं नाही तर नल देतं):

फॉर (;;) {
  इफ (एफगेट्स(ओळ, साइझऑफ ओळ, एफपी) != नल)
    तपास(ओळ);
  एल्स
    स्लीप(१);
}

यात बिघडण्यासारखं काय आहे तेच कळेना.

कंसात_अडकलेला

लॉग लिहिणारा प्रोग्रॅम बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) साठवून ठेवत असेल. एफफ्लश करून तो साठा खाली करत नसेल तर फाइलमध्ये काही पोचतच नाही.

अर्धविराम

नाही हो. दुसऱ्या खिडकीत टेल (फाइलच्या शेवटच्या ओळी दाखवणारी कमांड) लावून बघितलं, ओळी त्याच क्षणी येतात. परवानग्याही बघून झाल्या.

शून्य_पॉइंटर

एल्समध्ये झोपायच्या आधी क्लिअरएरर(एफपी); टाका. बाकी काही करू नका.

अर्धविराम

चाललं! अक्षरशः एका ओळीत!! खूप आभार. पण मला आता झोप येणार नाही. एरर तर कुठे आलीच नव्हती, मग क्लिअर काय केलं? आणि जुन्या मशीनवर याच्याशिवाय कसं चालत होतं?

जुना_खिळा

प्रश्न चांगला विचारलात, म्हणून जरा सविस्तर.

एफओपन तुम्हाला जो फाइल पॉइंटर देतं, त्याच्या पोटात बफर असतो, आपण फाइलमध्ये कुठे आहोत ती जागा असते, आणि दोन झेंडे असतात. एक झेंडा म्हणतो "शेवट लागला होता", दुसरा म्हणतो "चूक झाली होती". एफईओएफ पहिला झेंडा बघून सांगतं, एफएरर दुसरा. दोघंही फाइलला हात लावत नाहीत, फक्त झेंडा वर आहे की खाली एवढं पाहतात. क्लिअरएरर दोन्ही झेंडे खाली करतं. नावात फक्त एरर आहे म्हणून फसायला होतं, पण ते शेवटाचा झेंडाही उतरवतं. ही तिन्ही मंडळी १९७९ च्या सातव्या युनिक्सपासून अशीच आहेत.

आता तुमचं कोडं. एफगेट्सला शेवट लागला, झेंडा वर गेला. एका सेकंदाने तुम्ही परत एफगेट्स केलंत. मधल्या वेळात फाइल वाढली आहे. आता लायब्ररीने काय करावं? झेंड्याकडे दुर्लक्ष करून कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) परत विचारावं, की "झेंडा वर आहे, म्हणजे संपलं" म्हणून दारातूनच परत पाठवावं? १९९९ च्या सी मानकात एफगेटसीची (एकेक बाइट वाचणारं फंक्शन) व्याख्या अशी आहे की झेंडा वर असेल तर ईओएफच परत द्यायचं. ग्लिबसी, म्हणजे लिनक्सवर बहुतेक ठिकाणी असते ती सी लायब्ररी, हे पाळत नव्हती. ती प्रत्येक वेळी नव्याने विचारायची. त्यांच्या बग यादीत हा ११९० क्रमांकाचा बग म्हणून पडून होता. ऑगस्ट २०१८ मध्ये २.२८ आवृत्ती आली त्यात तो दुरुस्त झाला. तेव्हापासून शेवट चिकट झाला: एकदा लागला की तुम्ही स्वतः पुसेपर्यंत लागलेलाच.

दोन्ही सर्व्हरवर एलडीडी --व्हर्जन चालवून ग्लिबसीची आवृत्ती बघा. जुन्यावर २.२८ च्या खालचं काहीतरी असणार, माझी पैज.

अर्धविराम

जुन्यावर २.१७, नव्यावर २.३४. काका, दंडवत!

म्हणजे कोड पहिल्यापासूनच चुकीचा होता आणि लायब्ररीच्या चुकीवर तगून होता?

जुना_खिळा

अगदी. एका चुकीच्या आधाराने दुसरी चूक उभी होती, एक काढली आणि दुसरी पडली. आमच्याकडे हाच प्रकार डेबियन लिनक्स ९ वरून १० वर जाताना झाला होता. १० मध्ये नेमकी २.२८ आहे. उबुंटू १८.०४ वर २.२७ असल्याने तिथे काहीच दिसलं नाही, आणि आम्ही चार दिवस फाइल सिस्टिमवर संशय घेत बसलो. साप समजून भुई धोपटणे.

टॅब_की_स्पेस

अवांतर: बीएसडीवाल्यांच्या (युनिक्सची एक शाखा) लायब्ररीत हा झेंडा बघायची तपासणी आधीपासूनच आहे. त्या ओळीच्या डोक्यावर कॉमेंटही आहे, की सिस्टिम फाइव्ह (युनिक्सची दुसरी शाखा) ही तपासणी करत नाही, सुसंगती हवी असेल तर काढून टाका. म्हणजे भांडण बरंच जुनं आहे.

पहिलं_सेमिस्टर

मधेच तोंड घालतोय, माफ करा. झेंड्यांचं वाचून माझा पण प्रश्न सुटेल असं वाटतंय. आम्हाला फाइल वाचायला असं शिकवलंय:

व्हाइल (!एफईओएफ(एफपी)) {
  एफगेट्स(ओळ, १००, एफपी);
  प्रिंटएफ("%एस", ओळ);
}

माझी शेवटची ओळ दोनदा छापली जाते. शेजारच्याची एकदाच. कोड सेम टु सेम, मीच त्याला दिलाय. फाइल त्याने स्वतः टाइप केली होती.

कंसात_अडकलेला

आला, दर वर्षी येणारा पाहुणा आला.

शून्य_पॉइंटर

@कंसात_अडकलेला, असू द्या हो, आपणही हेच केलंय.

@पहिलं_सेमिस्टर, वर काकांनी एक शब्द वापरलाय तो परत वाच: शेवट "लागला होता". झालेली गोष्ट. एफईओएफला पुढचं दिसत नाही, ते कालचं वर्तमानपत्र आहे. आधी कुणीतरी वाचायला जाऊन हात रिकामा परत आला असेल तरच झेंडा वर जातो.

तुझी फाइल घे. समज तीन ओळी आहेत आणि तिसऱ्या ओळीनंतरही तू एन्टर मारलंयस. एफगेट्सचा नियम असा की एन्टर दिसलं की थांबायचं. तिसरी ओळ वाचली, एन्टर मिळालं, थांबला. त्यापुढे काही नाही हे त्याने बघितलंच नाही, कारण बघायची गरज पडली नाही. झेंडा खालीच. व्हाइल म्हणतं, शेवट नाही ना, चला आत. चौथं एफगेट्स जातं, काही मिळत नाही, आता झेंडा वर जातो आणि नल परत येतं. पण तू नल बघतच नाहीस. "ओळ" मध्ये तिसरी ओळ तशीच पडलेली आहे, ती तू परत छापतोस.

तुझ्या मित्राने शेवटच्या ओळीनंतर एन्टर मारलं नसणार. त्याचं एफगेट्स तिसऱ्या ओळीत एन्टर शोधत शोधत फाइलच्या टोकाला जाऊन धडकलं. झेंडा तिथेच वर गेला, पण अक्षरं मिळाली होती म्हणून ओळही नीट परत आली. छापली, व्हाइलने झेंडा बघितला, बाहेर. त्याचा प्रोग्रॅम बरोबर नाहीये, फाइल त्याला सांभाळून घेतेय.

पहिलं_सेमिस्टर

बापरे. खरंच एन्टर नव्हतं त्याच्या फाइलमध्ये, आत्ता विचारलं. मग लिहायचं कसं?

शून्य_पॉइंटर

व्हाइलच्या कंसात एफईओएफ नाही, वाचणंच ठेवायचं: व्हाइल (एफगेट्स(ओळ, साइझऑफ ओळ, एफपी) != नल). मिळालं तर आत, नाही मिळालं तर बाहेर. एफगेटसी असेल तर ईओएफशी तुलना, स्कॅनएफ असेल तर किती गोष्टी वाचल्या त्या आकड्याशी.

टॅब_की_स्पेस

ही सवय येते कुठून त्याचा माझा अंदाज: पास्कल. तिथलं ईओएफ पुढे डोकावून सांगतं, वाचायच्या आधी विचारणं हीच तिथली रीत. पास्कल शिकून सीकडे आलेल्या पिढीने तेच वळण इथे आणलं असणार, आणि त्यांच्या नोट्स अजून फिरताहेत.

कंसात_अडकलेला

माझं मत: एफईओएफ विसरून जा. वाचणाऱ्या फंक्शनचा परतावा बघितला की पुरे, वीस वर्षांत मला त्याची गरज पडलेली नाही.

जुना_खिळा

असहमत. लूपच्या कंसात गरज नाही हे मान्य, लूपमधून बाहेर आल्यावर आहे. नल किंवा ईओएफ आलं याचे दोन अर्थ होतात: फाइल संपली, किंवा वाचता वाचता काहीतरी मोडलं. परताव्यात दोन्ही सारखेच दिसतात. पेन ड्राइव्ह मधेच उपटला, नेटवर्कवरची डिस्क गेली, तरी तुमचा लूप शहाण्यासारखा संपेल आणि प्रोग्रॅम "फाइल वाचून झाली" असं सांगेल. अर्ध्या फाइलची बेरीज पूर्ण म्हणून पुढे जाईल. लूपनंतर एकदा इफ (एफएरर(एफपी)) हवंच.

विश्वास बसत नसेल तर लिनक्सवर एक गंमत करा. एफओपनला फाइलऐवजी फोल्डरचं नाव द्या, "आर" (वाचायच्या) मोडमध्ये. उघडतं! नल येत नाही. मग एफगेटसी करा. ईओएफ येईल, पण एफईओएफ खोटं आणि एफएरर खरं. लगेच पीएरर (शेवटच्या चुकीचा निरोप छापणारं फंक्शन) केलंत तर "हे फोल्डर आहे" अशा अर्थाचा निरोप येतो. आता वरचा पहिलं_सेमिस्टरचा लूप या फोल्डरवर चालवा. शेवटाचा झेंडा कधीच वर जात नाही, कारण शेवट लागतच नाही, दर वेळी चूकच होते. पंखा गरगरायला लागेपर्यंत फिरत राहील.

कंसात_अडकलेला

करून पाहिलं. कंट्रोल-सी मारावं लागलं. शब्द मागे घेतो, अर्धे.

पहिलं_सेमिस्टर

अजून एक. स्कॅनएफने आकडा मागतो आणि कुणी अक्षर टाकलं की प्रोग्रॅम वेड्यासारखा तोच प्रश्न विचारत सुटतो. आता कळलं म्हणून क्लिअरएरर(एसटीडीइन) टाकलं, एसटीडीइन म्हणजे कीबोर्डवरून येणारं. काही फरक नाही.

शून्य_पॉइंटर

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तिथे कुठलाच झेंडा वर गेलेला नाही. स्कॅनएफला आकडा हवा होता, समोर अक्षर दिसलं, त्याने ते अक्षर जागच्या जागी ठेवलं आणि शून्य परत दिलं. शेवट नाही, चूकही नाही, नुसतं जुळलं नाही. पुढच्या फेरीत तेच अक्षर परत समोर. क्लिअरएरर झेंडे उतरवतं, बफरमधलं एक अक्षरही हलवत नाही. ती ओळच काढून टाकायला हवी: गेटचार फिरवत राहा, एन्टर किंवा ईओएफ मिळेपर्यंत. त्याहून बरं म्हणजे आख्खी ओळ एफगेट्सने घ्यायची आणि स्ट्रटोलने आकडा काढायचा.

आणि कुणी एफफ्लश(एसटीडीइन) सुचवलं तर ऐकू नको. काही कंपायलरांवर चालतं, पण मानकात वाचायच्या प्रवाहावर एफफ्लश केल्यावर काय होईल याची कसलीच हमी नाही.

रिकामी_ओळ

वाचनमात्र होते, पण आता लिहितेच. ईओएफवरून आठवलेली माझी फजिती. चित्रांच्या फाइली एका जागेवरून दुसरीकडे उतरवायचा प्रोग्रॅम लिहिला होता. टेक्स्ट फाइली झकास उतरायच्या, देवनागरी मजकुरासकट. जेपेग मात्र शून्य बाइटची. सगळ्याच. कारण: कॅर सी = एफगेटसी(एफपी). एफगेटसी इंट देतं, कारण बाइटच्या २५६ किमतींच्या पलीकडे ईओएफ ही आणखी एक किंमत त्यात मावायला हवी. मी ती एका बाइटाच्या कॅरमध्ये कोंबली. कॅर चिन्हासकट असेल तर २५५ ची होते वजा १, आणि ईओएफ पण बहुतेक ठिकाणी वजा १. जेपेगचा पहिलाच बाइट २५५ असतो. म्हणजे माझा प्रोग्रॅम दारातच "संपली" म्हणत होता! यूटीएफ-८ मजकुरात २५५ हा बाइट कधीच येत नाही, म्हणून मराठी फाइलींनी मला महिनाभर गाफील ठेवलं.

तेव्हा ईओएफ आल्यावर एफईओएफ आणि एफएरर दोन्ही विचारले असते तर दोन्ही "नाही" म्हणाले असते, आणि मला तिथेच कळलं असतं.

टॅब_की_स्पेस

भारी. आणि जिथे कॅर बिनचिन्हाचा असतो, उदाहरणार्थ एआरएम लिनक्सवर, तिथे हाच कोड उलटा वागतो: वजा १ होतं २५५, ते ईओएफशी कधीच जुळत नाही, लूप संपतच नाही. विंडोजवर आणखी एक खड्डा आहे. टेक्स्ट मोडमध्ये २६ हा बाइट दिसला की तिथेच फाइल संपली असं धरतात. सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळात फाइलीची लांबी १२८ बाइटांच्या तुकड्यांत मोजत, त्यामुळे मजकूर नेमका कुठे संपला ते दाखवायला ही खूण टाकत. चित्रं "आरबी"नेच (बायनरी मोडमध्ये) उघडायची.

अर्धविराम

माझ्या धाग्याचं पार गुऱ्हाळ झालंय, पण मजा येतेय. मूळ मुद्द्यावर: काकांचं वाचून मी आता एल्समध्ये आधी एफएरर विचारते. चूक असेल तर पीएरर करून बाहेर पडायचं, नसेल तर क्लिअरएरर, झोप, परत वाचन. डोळे मिटून क्लिअरएरर केलं असतं तर डिस्क गेली तरी हा दर सेकंदाला चूक पुसत बसला असता, बरोबर ना?

जुना_खिळा

बरोब्बर. फक्त पीएरर त्याच क्षणी करा. एफएरर नुसतं हो की नाही सांगतं, चूक कशामुळे झाली ते एररनो नावाच्या आकड्यात असतं आणि मधे दुसरं काही फंक्शन चाललं तर ते बदलू शकतं. क्लिअरएरर एररनोला हात लावत नाही, तेही लक्षात असू द्या. एकच अपवाद: सिग्नल आल्यामुळे वाचन तुटलं असेल, म्हणजे एररनोमध्ये ईआयएनटीआर असेल, तर ती खरी चूक नव्हे. तिथे झेंडा उतरवून परत वाचायचं.

आणि क्लिअरएररऐवजी एफसीक(एफपी, ०, सीक_कर) पण चालतं. असाल तिथेच राहायचं असा हुकूम, पण यशस्वी एफसीक शेवटाचा झेंडा उतरवतं आणि चुकीचा तसाच ठेवतं. रिवाइंड दोन्ही उतरवतं, पण सुरुवातीला नेतं आणि जमलं की नाही तेही सांगत नाही. मी स्वतः लॉगवाचकात एफसीकच लिहितो, चुकीचा पुरावा पुसला जात नाही म्हणून.

शून्य_पॉइंटर

लिहिण्याच्या बाजूचंही सांगून टाका काका, नाहीतर लोकांना वाटेल एफएरर फक्त वाचायला असतं.

जुना_खिळा

तिथे तर जास्त गरज. /डेव्ह/फुल नावाची कायम भरलेली खोटी डिस्क लिनक्सवर मिळते. ती उघडून एक ओळ एफप्रिंटएफ करा. "यशस्वी" म्हणून अक्षरांचा आकडा परत येतो! कारण ओळ अजून बफरातच आहे. डिस्क भरल्याचं एफफ्लश किंवा एफक्लोजच्या वेळी कळतं. एफक्लोजचा परतावा कोण बघतो? कुणीच नाही. चुकीचा झेंडाही चिकट असतो हे इथे आपल्या फायद्याचं आहे: शंभर एफप्रिंटएफ करा, प्रत्येकाला विचारू नका, शेवटी एफफ्लश, मग एफएरर, मग एफक्लोजचा परतावा. मात्र मधे कुठे क्लिअरएरर केलंत तर आधीची चूक गिळली.

अर्धविराम

नवीन भानगड. रात्री बारा वाजता लॉग रिकामा करून परत पहिल्यापासून लिहायला घेतात. त्यानंतर माझा प्रोग्रॅम परत ढिम्म. क्लिअरएरर आहे, तरीही.

शून्य_पॉइंटर

कारण तुम्ही अजून जुन्या जागी उभ्या आहात. फाइल शून्यावर आली आणि तुमची जागा समजा चाळीस हजाराव्या बाइटावर. तिथे खरोखरच काही नाही, झेंडा कितीही वेळा उतरवा. झोपायच्या आधी एफस्टॅटने फाइलचा आकार घ्या, एफटेलपेक्षा (म्हणजे तुमच्या वाचायच्या जागेपेक्षा) तो लहान निघाला तर रिवाइंड. आणि रिकामी न करता नाव बदलून नवी फाइल काढत असतील तर त्याने भागणार नाही, तुमच्या हातात जुनीच फाइल राहते. त्या नावावर स्टॅट करून आयनोड (फाइलचा अंतर्गत क्रमांक) जुळतो का बघा, नाही जुळला तर बंद करून नव्याने उघडा.

रिकामी_ओळ

आणि अर्धी ओळ! लिहिणाऱ्याने अर्धी ओळ टाकली असताना तुम्ही वाचायला गेलात तर एफगेट्स अर्धीच देतं, शेवटी एन्टर नसतं. तुमचा शब्द दोन तुकड्यांत फाटला तर मेल जाणारच नाही. देवनागरीत एक अक्षरचिन्ह तीन बाइटांचं, त्याच्या मधोमधही फाटू शकतं. एन्टर नसेल तर तुकडा बाजूला ठेवायचा आणि पुढचा आला की जोडायचा.

अर्धविराम

रिकामी करून लिहितात, आयनोड तोच आहे. रिवाइंड टाकलं, जोडाजोडीही केली. काल रात्री बारा उलटून गेले तरी चालू होता, सकाळी मेल आलेले होते. धाग्याला वाचनखूण.

पहिलं_सेमिस्टर

मी पण बदललं! एफईओएफ व्हाइलमधून काढून एफगेट्सच्या खाली टाकलं: वाचायचं, इफ (एफईओएफ(एफपी)) ब्रेक, मग छापायचं. आता दोनदा येत नाही. पण मित्राच्या फाइलवर चालवलं तर त्याची शेवटची ओळ येतच नाहीये.

शून्य_पॉइंटर

त्याने शेवटी एन्टर मारलेलं नाही ना?

पहिलं_सेमिस्टर

नाही.

शून्य_पॉइंटर

मग ती ओळ मिळाली, झेंडाही वर गेला, आणि तू ती न छापताच बाहेर पडलास. व्हाइलच्या कंसात काय ठेवायला सांगितलं होतं?

पहिलं_सेमिस्टर

एफगेट्स. बदलतो.